पंधरा मिनिटं

हिंगण्याच्या एमआयडीसीत, प्लेटिंगच्या शेडमागं,
ॲसिड स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला असते.
पितळी आहे. महिन्याभरात हिरवी पडते,
राखेनं घासते, पुन्हा खोचते.

ड्रमवरची इंग्रजी कोणी वाचत नाही.
चित्र तेवढं पाहतात : हात, हातावर थेंब.
हेमराज डोंगरवार पहिल्या दिवशी म्हणाला,
"बाई, हा मेंदी काढून राहिला का?"
मी म्हटलं, "फोडणीत पाणी पडलं त काय होते?"
"उडते."
"मंग पाण्यात ॲसिड, हळूहळू. ॲसिडात पाणी कधीच नाही.
एवढं पाठ कर. बाकीची पानं मी वाचतो तुह्यासाठी."

वाचली. रात्री कूलरसमोर,
पोरीची डिक्शनरी मांडीवर घेऊन.
मुद्दा चौथा, प्रथमोपचार :
डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून
किमान पंधरा मिनिटे धुवावे. पाणी कोमट असावे.
कोमट!
लिहिणाऱ्यानं मे महिन्यात
नागपुरातली गच्चीवरची टाकी पाहिली नसणार.
दुपारी दोनला आमच्या आयवॉशमधून चहाचं पाणी येतं.

अर्ज केला : टाकीवर छप्पर, पाइपाला आवरण.
टेंभुर्णे साहेबांनी कोपऱ्यात "पाहू" लिहून परत धाडला.
मग मीच गोणपाट गुंडाळलं,
सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा भिजवायची.
पोट्टे हसायचे, "बाई नळाले लुगडं नेसवून राहिली."

गॉगल रजिस्टरात बारा, खुंटीवर सात.
सातातल्या चारांना मोतीबिंदू.
हातमोज्यात घाम साचतो म्हणून हेमराज घालायचाच नाही,
नायट्रिकनं बोटं पिवळी झालेली.
तुमसरला चुलतभावाच्या लग्नात बायका म्हणाल्या म्हणे,
"नवरदेवाच्या आधी यालेच हळद लागली!"
तो हसत सांगत होता. मीही हसले.
तेव्हा ओरडायला पाहिजे होतं मी.

तेवीस मे, दोन वाजून दहा मिनिटं.
कॅनचं झाकण अडकलं, त्यानं हिसका दिला.
किंचाळला नाही. नुसतं "बाई" म्हणाला,
लाइट गेल्यावर मेणबत्ती कुठं आहे विचारावं, तसं.

मान नळाखाली घातली.
डोळा मिटण्यासाठीच घडलेला असतो,
त्याची पापणी माझ्या बोटांशी भांडत होती.
तिसऱ्या मिनिटाला साहेब : "बस झालं, गाडीत घाला."
पाचव्याला कोणीतरी तूप आणलं.
सातव्याला तो स्वतःच, "दिसून राहिलं मले, सोडा ना."
नाही सोडलं.
पाणी गार नव्हतं. पोळतही नव्हतं.
अकरा. बारा. माझं मनगट चुरचुरत होतं.
चौदा.
पंधरानंतर आणखी दोन घेतली,
शेडमधल्या घड्याळावर माझा भरवसा नाही.

डावा वाचला. उजव्यात धुकं आहे.
मेडिकलच्या डॉक्टरीणबाईही म्हणतात, पाहू.

गेटवर फळा आहे, "अपघाताविना दिवस".
त्या संध्याकाळी चारशे बारा होते.
साहेब हळू आवाजात बोलले,
"किरकोळ लिहा. बक्षीस अडकलं तर पोरांचंच नुकसान."
मी रजिस्टर उघडलं.
"सुरक्षा साधने मिळाली" या रकान्यात
हेमराजची सही एकतीस तारखेपर्यंत होती.
एक तारखेलाच घेऊन ठेवतो आम्ही, एका दमात. मीच घेते.
वॉर्डात डोळ्याला पट्टी बांधून तो पडलेला असेल
ते आठही दिवस त्याला गॉगल मिळालेला.

त्या आठांवर लाल रेघ मारली. खाली माझं नाव लिहिलं.
"किरकोळ" लिहिलं नाही.
मग गोणपाटाचा ओला तुकडा घेऊन गेटवर गेले.
चारचा आकडा लवकर पुसला गेला,
दोनाला जरा घासावं लागलं.

बक्षीस अडकलं. दोघंतिघं बोलत नाहीत माझ्याशी.
खुंटीवर नवे पाच गॉगल आले आहेत,
टाकीवर अजून छप्पर नाही.
फळ्यावर आज एकोणीस.
जेवणाची घंटा व्हायची आहे,
पाइप भिजवून येते.